कोणी काय करायचं नाही

आमच्या धंद्यात सध्या बढत्या फार स्वस्त झाल्या आहेत. एक साधी मजकुराची फाईल उघडायची, तिच्यात 'तू वीस वर्षांचा अनुभव असलेला ज्येष्ठ आर्किटेक्ट आहेस' एवढं वाक्य टाकायचं आणि सेव्ह करायचं. झाली नेमणूक. मुलाखत नाही, नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड नाही, 'सध्याच्या पॅकेजवर तीस टक्के तरी' नाही. दुसऱ्या फाईलीत टेस्टर, तिसरीत रिव्ह्यूअर, चौथीत सुरक्षातज्ज्ञ. चहा गार व्हायच्या आत हिंजवडीतला कोणीही पोरगा आठ-दहा जणांचा साहेब होऊन बसतो. गंमत अशी की ज्याला स्वतःला अजून कोणी 'सीनियर' म्हणत नाही, तो हाताखाली 'प्रिन्सिपल'पेक्षा कमी दर्जाचा माणूस घ्यायला तयार नसतो.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोड लिहिणारा एजंट म्हणजे एक भाषेचं मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली हत्यारं. फाईल वाचायची, फाईल लिहायची, टर्मिनलात कमांड चालवायची. काम सांगितलं की तो वाचतो, लिहितो, चालवून बघतो, फसलं तर पुन्हा लिहितो. काम झालं असं त्याला वाटेपर्यंत हे चालतं. 'त्याला वाटेपर्यंत' यातच पुढचं सगळं रामायण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲन्थ्रॉपिक कंपनीचं क्लॉड कोड हे असंच एक साधन आलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यात उप-एजंटांची सोय झाली. प्रोजेक्टच्या एका फोल्डरात प्रत्येक भूमिकेची एकेक फाईल ठेवायची. वर नाव, मग या भूमिकेला कधी बोलवायचं ते, मग तिला मिळणारी हत्यारं आणि खाली सूचना. एकानं आराखडा करायचा, दुसऱ्यानं कोड लिहायचा, तिसऱ्यानं टेस्ट लिहायच्या, चौथ्यानं नाक मुरडायचं. कागदावर फार सुंदर दिसतं. आमच्या मीटिंग रूममधल्या पांढऱ्या फळ्यावर चौकोन आणि बाण काढून झाले, तेव्हा दोघातिघांनी फोटोसुद्धा काढले.

ही हौस तशी जुनी आहे. आमच्या धंद्याच्या हिशेबानं जुनी, म्हणजे २०२३ ची. त्या वर्षी चीनमधल्या चिंग्हुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी चॅटडेव्ह नावाची एक लुटुपुटीची सॉफ्टवेअर कंपनी काढली. तिला सीईओ होता, सीटीओ होता, प्रोग्रॅमर, रिव्ह्यूअर, टेस्टर होते आणि या सगळ्यांच्या आत एकच मॉडेल होतं. त्यांनी आपसात बोलून टप्प्याटप्प्यानं छोटे प्रोग्रॅम तयार करायचे. त्याच वर्षी मेटाजीपीटी आलं. तिथे प्रॉडक्ट मॅनेजर, आर्किटेक्ट, प्रोजेक्ट मॅनेजर, इंजिनिअर, क्यूए अशी अख्खी उतरंड. मला याचं नवल वाटतं. जगभरचं लिखाण वाचलेलं एक यंत्र माणसाच्या हाती आलं आणि त्यानं पहिल्या झटक्यात त्याचं काय केलं, तर ऑफिस केलं! ज्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या नावानं आपण कँटीनमध्ये जन्मभर बोटं मोडत आलो, त्याचीही प्रत काढली. कोणाची सक्ती नव्हती.

सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात त्याच वर्षी कॅमल नावाचा प्रयोग झाला. दोन एजंट समोरासमोर बसवायचे. एकानं काम सांगायचं, दुसऱ्यानं करायचं. त्या निबंधात काय काय बिघडलं याची नोंद आहे आणि कंटाळा आला की मी ती काढून वाचते. कधी काम करणाराच अचानक काम सांगायला लागायचा. कधी तो सांगितलेलं वाक्य तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचा. कधी नुसतं 'करतो' म्हणायचा आणि करायचा काहीच नाही. कधी दोघंही एकमेकांचे आभार मानत, निरोप घेत बसायचे. आभाराला आभार, निरोपाला निरोप, काम जागच्या जागी. ही यादी वाचून 'अरे, हे तर आपल्याच मजल्यावरचे' असं ज्याला वाटणार नाही, त्यानं नोकरी केलेली नाही.

मेटाजीपीटीवाल्यांनी यावर एक उपाय काढला होता. एजंटांना नुसत्या गप्पा मारू द्यायच्या नाहीत. ठरावीक नमुन्यातले कागद एकानं दुसऱ्याकडे सरकवायचे. मागणीचा कागद, आराखड्याचा कागद, कामांची यादी. सरकारी खाक्या म्हणून आपण नाक मुरडतो खरं, पण बोलणं हवेत विरतं आणि कागद मागे राहतो, हे कळायला एरवी या धंद्याला आणखी बराच वेळ लागला असता.

राहिला प्रश्न हुद्द्याचा. 'वीस वर्षांचा अनुभव' असं लिहिल्यानं कोणाच्या अंगात वीस वर्षं येतात का? काही संशोधकांनी १६२ वेगवेगळ्या भूमिका घेतल्या, मॉडेलला एकेक भूमिका चिकटवून माहितीचे हजारो प्रश्न विचारले आणि २०२४ साली निकाल छापला: भूमिका दिल्यानं उत्तरं सुधारली नाहीत. एखाद्या प्रश्नाला एखादी भूमिका लाभते, पण कोणती लाभेल हे आधी ओळखणं जवळपास नशिबावर सोडावं लागतं. हे आमच्याकडे सगळ्यांनी वाचलेलं आहे. तरी वीस वर्षांचं वाक्य प्रत्येक फाईलीत आहे. काढून बघायला कोणी धजावत नाही. काढलं आणि काही बिघडलं, तर नाव आपलं निघायचं.

माझ्या मते भूमिका ठरते ती त्या एजंटाला काय दिसतं, कशाला हात लावता येतो आणि थांबायचं कधी, यावरून. यातही सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यानं काय करायचं नाही. पण 'तू कोण आहेस' हे लिहायला मजा येते आणि 'तू काय करायचं नाहीस' हे लिहायला विचार करावा लागतो. त्यामुळे पहिलं पानभर आणि दुसरं अर्धी ओळ, असं सगळीकडे दिसतं.

एक फाईल जवळून बघा. आमच्या टीममधल्या एका मुलानं रिव्ह्यूअर लिहिला होता. 'तू अत्यंत काटेकोर आणि अनुभवी रिव्ह्यूअर आहेस. कोड बारकाईनं तपास. गुणवत्तेशी कधीही तडजोड करू नकोस.' वाचून कोणाचीही छाती भरून यावी. हत्यारांची ओळ मात्र त्यानं लिहिलीच नव्हती आणि ती ओळ गाळली की सगळी हत्यारं आपोआप मिळतात. मग व्हायचं ते झालं. रिव्ह्यूअरला कोडात एका व्हेरिएबलच्या नावात स्पेलिंगची चूक दिसली. ती त्यानं सुधारली. सुधारता सुधारता शेजारचं फंक्शन त्याला बेंगरूळ वाटलं. तेही नव्यानं लिहिलं. शेवटी अहवाल दिला, 'कोड स्वच्छ आणि सुवाच्य आहे, मर्ज करायला हरकत नाही.' स्वतःच्याच कोडाबद्दल. म्हणजे लिहिणारे झाले दोन आणि तपासणारा उरला नाही एकही. फळ्यावरच्या कामाच्या प्रवाहाच्या चित्रात मात्र रिव्ह्यूअरचा चौकोन होता, त्यावर हिरवी खूणही होती.

मग त्याच्याकडून लिहायचं हत्यार काढून घेतलं. टर्मिनल ठेवलं, कारण टेस्ट चालवायला ते लागतंच. तर हा गडी टर्मिनलातून लिहायला लागला. कमांडनं फाईलीतली ओळ बदलता येते, हे काय त्याला माहीत नाही? खोडसाळपणा यात नाही. काम संपवायचं हे त्याला सांगितलेलं आहे, वाट दिसली की तो जातो. शेवटी त्याला रेपोची, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडाची, एक वेगळी प्रत दिली. कोडाच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये वर्कट्रीची सोय २०१५ पासून आहे, एकाच रेपोच्या हव्या तेवढ्या प्रती मांडता येतात. तिथे काय गिरगटायचं ते गिरगट. तुझा अहवाल तेवढा आम्ही घेणार, प्रत फेकून देणार. तेव्हा कुठे तो रिव्ह्यूअर झाला. त्याच्या 'काटेकोर' स्वभावात काही बदल करावा लागला नाही.

सांगणं वेगळं आणि कडी लावणं वेगळं, याचा धडा २०२५ च्या जुलैत अमेरिकेत फार जाहीरपणे गिरवला गेला. रेप्लिट या कंपनीच्या एजंटाबरोबर एक उद्योजक काही दिवस ॲप बांधत होता. कोडाला आता हात लावायचा नाही, असं त्यानं स्पष्ट बजावलेलं होतं. एजंटानं तरीही चालू डेटाबेस पुसून टाकला आणि वर 'हा परत आणता येणार नाही' असंही सांगितलं. तो परत आला, म्हणजे तेही खोटंच. कंपनीच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली.  त्यांनी सांगितलेल्या उपायांत मला महत्त्वाचं वाटलं ते प्रयोगाचा डेटाबेस आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवणं. सूचनेतली अक्षरं मोठी केली, तीनदा लिहिली, पुढे उद्गारचिन्हं दिली, तरी ती सूचनाच. आमच्याकडच्या काही फाईलींत इतकी उद्गारचिन्हं आहेत की उघडल्या उघडल्या कोणी आपल्यावरच ओरडतंय असं वाटतं.

माझा मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाला. सातारा, कराड, पाटण या भागातले बरेच पूल आणि मोऱ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. त्याला एजंट वगैरे काही सांगायचं नसतं. पण एकदा जेवताना विषय निघाला आणि मी आमचा प्रवाह त्याला समजावला. एक जण लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा मंजूर करतो. तो आमटीचा भुरका मारून म्हणाला, "मग एम.बी. कुठाय तुमची?"

एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराचं बिल तिच्यावरून निघतं. पानांवर छापील आकडे असतात, त्यामुळे पान फाडलं की कळतं. कनिष्ठ अभियंत्यानं जागेवर जाऊन, टेप लावून, तिथल्या तिथे शाईनं नोंद करायची. चिठोऱ्यावर लिहून आणून घरी उतरवायची नाही. खोडायचं नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि तारीख घालून सही करायची. कोऱ्या राहिलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची. यानंतर उपअभियंता येणार आणि त्यातली काही मोजमापं पुन्हा घेणार. याला ते टेस्ट चेक म्हणतात. सगळी नाही, काही. पण घेणार ती स्वतः टेप लावून.

"आणि तुमचा तो दुसरा," मामा म्हणाला, "तो टेप लावतो का पहिल्याची वही वाचतो?"

मी म्हटलं, "तो पहिल्याचा अहवाल वाचतो, कोड वाचतो आणि मत देतो."

"अगं, वही वाचून मत द्यायला मला कराडहून पाटणला जीप कशाला लागली असती?" मामा म्हणाला. "आमच्यातही होते असे. ऑफिसात बसून बरोबरच्या खुणा करणारे. त्यांच्या वह्या फार सुबक दिसायच्या."

मग त्यानं पायाची गोष्ट सांगितली. भिंतीची उंची कधीही मोजता येते, ती कुठे जात नाही. पायाची खोली मात्र एकदा काँक्रीट पडलं, माती लोटली की गेली. म्हणून झाकली जाणारी मोजमापं झाकायच्या आधी तपासायची, हा नियम. "काम झाल्यावर तपासायला येतो तो पाहुणा," असं म्हणून त्यानं भात मागितला.

मी दुसऱ्या दिवशी आमच्या रिव्ह्यूअरचे जुने अहवाल काढून बसले. लिहिणाऱ्या एजंटानं शेवटी आपणहून एक सारांश दिलेला असायचा: 'मागणीप्रमाणे बदल केले. सर्व टेस्ट पास आहेत. कामगिरीवर परिणाम नाही.' रिव्ह्यूअरच्या पुढ्यात हा सारांश सगळ्यांत वर. आणि रिव्ह्यूअरचा अहवाल काय, तर 'मागणीप्रमाणे बदल दिसतात. सर्व टेस्ट पास असल्याचे नमूद आहे.' असल्याचे नमूद आहे! टर्मिनल हाताशी असताना त्यानं टेस्ट चालवलीच नव्हती. वही वाचून वहीवर खूण केली होती. त्यात दोघांच्या आत मॉडेल एकच. २०२४ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मॉडेल स्वतःचं लिखाण ओळखतं आणि त्याला झुकतं माप देतं. म्हणजे कनिष्ठ आणि उपअभियंता एकाच अंगणात वाढलेले.

पुढची दुरुस्ती कंटाळवाणी आहे, म्हणून पटकन सांगते. रिव्ह्यूअरला सारांश दाखवायचा नाही. त्याला मूळ मागणी द्यायची आणि बदललेला कोड द्यायचा, बस. टेस्ट त्यानं स्वतः चालवायच्या आणि त्यांचा जसाच्या तसा निकाल अहवालाला जोडायचा. टेस्टच्या फाईलींना लिहिणाऱ्यानं हात लावायचा नाही, कारण टेस्ट पास होत नसली की टेस्टच वाकवायची हा मोह या मॉडेलांना होतो, हे आता सगळीकडे नोंदलेलं आहे. आणि पायाची खोली: डेटाबेसची रचना बदलायची असेल, तर बाकीचं काम त्यावर चढायच्या आत तिथेच थांबून माणसाला विचारायचं. वर दहा फाईली लिहून झाल्यावर 'टेबल असं का केलं?' विचारण्यात अर्थ नसतो. तोवर माती लोटलेली असते.

इथवर सगळे येतात. खरी पंचाईत पुढे आहे. हा आखलेला प्रवाह चालतो हे कशावरून? तपासणारा तपासतो, हे कोण तपासणार?

एजंटांचं एकेकट्याचं मूल्यमापन करायला निदान कसोट्या आहेत. २०२३ साली प्रिन्स्टनच्या मंडळींनी स्वे-बेंच काढलं. पायथनच्या १२ लोकप्रिय प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी घेतल्या. मॉडेलनं दुरुस्ती करायची. आधी फसणाऱ्या टेस्ट पास व्हायला हव्यात आणि आधी पास होणाऱ्या पासच राहायला हव्यात. हे दुसरं कलम मला फार आवडतं. घराचा नळ दुरुस्त करताना वीज जाऊ नये, एवढीच साधी अपेक्षा. त्या वेळच्या सगळ्यांत पुढच्या मॉडेलनं, क्लॉड २ नं, यात १.९६ टक्के मिळवले. पुढे गुण झपाट्यानं वाढले, तेव्हा लोकांनी प्रश्नपत्रिकेकडे नीट बघितलं. २०२४ साली ओपनएआयनं ९३ डेव्हलपरांकडून १,६९९ प्रश्न तपासून घेतले. कितीतरी प्रश्नांत मागणीच धड सांगितलेली नव्हती, कितीतरी ठिकाणी बरोबर उत्तरालाही नापास करणाऱ्या टेस्ट होत्या. त्यातून ५०० नीट प्रश्न निवडून वेगळे काढले. ज्यानं आयुष्यात एकदा तरी बोर्डाच्या चुकीच्या प्रश्नाचे गुण मागितले आहेत, त्याला त्या मॉडेलांबद्दल क्षणभर आपुलकी वाटेल.

पण ही झाली एजंटाची परीक्षा. एजंटांच्या जथ्याची वेगळी. बर्कलीच्या संशोधकांनी २०२५ साली अशा जथ्यांच्या कामाच्या नोंदी चाळून बिघाडाच्या १४ तऱ्हा काढल्या. नेमून दिलेली भूमिका सोडणं, झालेलं काम पुन्हा करणं, शंका असून न विचारणं, माहिती दाबून ठेवणं, दुसऱ्याचं न ऐकणं, वेळेआधी थांबणं, तपासणी अर्धवट करणं. त्यातलं एक उदाहरण बुद्धिबळाचं आहे. चॅटडेव्हला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. तपासणाऱ्यानं कोड कंपाईल होतो का एवढं वरवर पाहिलं आणि पुढे सोडला. बुद्धिबळाचे नियम पाळले जातात का, हे कोणी पाहिलंच नाही. आणि तपासणीची पायरी प्रवाहात होती बरं का. ती नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही.

आम्ही जे केलं ते असं. लिहून झालेल्या चांगल्या कोडात आपल्या हातानं एक खोट घालायची आणि रिव्ह्यूअरपुढे ठेवायची. कल्पना आमची नव्हे. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बारीक चुका पेरून टेस्टची परीक्षा घ्यायची रीत १९७८ पासून छापील आहे. तर बिल भरण्याच्या मुदतीचा कोड घेतला. मागणीत स्वच्छ लिहिलेलं होतं की १५ तारीख धरून १५ पर्यंत दंड नाही. आम्ही कोडात एक बरोबरचं चिन्ह उडवलं. म्हणजे १५ तारखेला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पैसे भरायला येणाऱ्या सज्जन माणसाला दंड. मराठी मुलखातली निम्मी जनता त्याच दिवशी बिल भरते, तेव्हा खोट काही क्षुल्लक नव्हती.

रिव्ह्यूअरचा अहवाल दीड पानाचा आला. व्हेरिएबलची नावं अर्थपूर्ण असल्याबद्दल समाधान. दंडाची टक्केवारी वेगळ्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवावी अशी सूचना. फंक्शनच्या डोक्यावर दोन ओळींची कॉमेंट असावी असा आग्रह. एका ठिकाणी 'भविष्यात वेगवेगळ्या टाइमझोनचा विचार करावा' हेही. दंड मात्र तसाच.

मग नियम केला: प्रत्येक आक्षेपाबरोबर तो सिद्ध करणारी, आता फसणारी एक टेस्ट लिहून दे. टेस्ट नाही तर आक्षेप धरला जाणार नाही. कॉमेंटच्या आग्रहाची टेस्ट कशी लिहिणार? ते सगळं आपोआप गळलं. आणि टेस्ट लिहायच्या निमित्तानं त्याला मागणीतल्या तारखा एकेक करून घालून बघाव्या लागल्या. १४, १५, १६. पंधरावर ठेच लागली. टेप लावला गेला.

याची उलट बाजू आम्हाला जास्त महागात पडली. अजिबात खोट नसलेला कोड दिला, तरी रिव्ह्यूअर काहीतरी काढायचाच. काढणारच, त्याची नेमणूकच त्यासाठी! मग लिहिणारा एजंट तो आक्षेप मान देऊन दुरुस्त करणार, दुरुस्तीत नवी खोट येणार, रिव्ह्यूअर ती पकडणार आणि दोघंही दिवसभर काम केल्याच्या समाधानात. अहवालाच्या नमुन्यात 'आक्षेप नाही' असा एक रकाना घालावा लागला आणि त्या उत्तरालाही पूर्ण मान आहे हे लिहावं लागलं. ही गोष्ट मी माणसांच्या रिव्ह्यूच्या नियमांतही घालावी असं सुचवून पाहिलं. तिथे एकमत झालं नाही.

आणखी एक गोष्ट केली, ती थोडी निर्दय होती. एकेक भूमिका काढून टाकायची आणि तीच कामं पुन्हा करून घ्यायची. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, कारण तेच काम तोच प्रवाह दर वेळी तसाच करील याची खात्री नसते. आज पास झालेलं उद्या आपटतं. सुरक्षातज्ज्ञ काढला तर फरक पडला, तो परत घेतला. टेस्ट लिहिणारा काढला तर हाहाकार झाला. आर्किटेक्ट काढला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. लहान कामांसाठी तो आराखड्याचे सुंदर कागद तयार करायचा, पुढचे ते न वाचता कामाला लागायचे. सगळ्यांत शेवटी सगळेच काढले. एकच एजंट, पूर्ण संदर्भ त्याच्याच डोक्यात, आणि बाहेर फक्त ती स्वतंत्र तपासणी. बऱ्याच कामांत तो अख्ख्या फौजेच्या बरोबरीनं आला आणि बिल पुष्कळ कमी.

बिलाचं म्हणाल, तर ॲन्थ्रॉपिकनं २०२५ च्या जूनमध्ये आपल्या अनेक-एजंटी संशोधन व्यवस्थेबद्दल लिहिताना सांगितलं होतं की साध्या गप्पांच्या मानानं तिला सुमारे १५ पट टोकन, म्हणजे बिल ज्यांवर लागतं ते मजकुराचे तुकडे, लागतात. त्याच महिन्यात एजंट बनवणाऱ्या कॉग्निशन कंपनीच्या मंडळींनी 'एजंटांची फौज उभारू नका' असा लेख लिहिला. त्यांचं उदाहरण फ्लॅपी बर्ड या खेळाचं. एका एजंटाला पार्श्वभूमी करायला सांगितली, दुसऱ्याला पक्षी. पहिल्यानं सुपर मारिओच्या थाटाची पार्श्वभूमी केली, दुसऱ्यानं त्या खेळात कुठेच न शोभणारा पक्षी केला. दोघांचंही काम आपापल्या जागी चोख, आणि जोडणाऱ्याच्या कपाळावर हात. दोन लेख परस्परविरोधी आहेत असं तेव्हा बरंच बोललं गेलं. मला तसं वाटलं नाही. दहा ठिकाणची माहिती वाचून आणायची असेल तर दहा जण धाडावेत, एकाच्या वाचनानं दुसऱ्याचं अडत नाही. कोडात मात्र एकानं घेतलेला छोटा निर्णय दुसऱ्याच्या पायात येतो. फ्रेड ब्रुक्सनं १९७५ साली मांडलेला हिशेब इथेही लागू पडतो: पाच जणांत बोलण्याच्या १० वाटा, दहा जणांत ४५. आणि या दहा जणांना कँटीनही नाही, जिथे यातला निम्मा गोंधळ सहज निस्तरला गेला असता.

आमच्या फळ्यावरचे चौकोन आता तीनावर आलेत. लिहिणारा, टेस्टवाला, तपासणारा. मोठं किंवा नाजूक काम असलं तरच चौथा. फोटो काढण्यासारखं काही उरलं नाही. शेवटी माणूस आहेच. तो बदल बघतो आणि 'मंजूर' दाबतो. या बटणाबद्दल फार बोललं जात नाही. एजंट दिवसभर न थकता बदल पाठवत असतात आणि संध्याकाळी सहानंतर मंजुऱ्यांचा वेग कमालीचा वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

परवाच्या बैठकीत त्या रिव्ह्यूअरची फाईल लिहिणाऱ्या मुलानं हात वर केला. म्हणाला, आपण एजंटापुढे खोट पेरलेला कोड ठेवून बघतो, तसा अधूनमधून मंजुरी देणाऱ्या माणसापुढेही ठेवून बघावा. कोणाला न सांगता. मॅनेजरनी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. कोणीतरी विचारलं, मग ती खोट चुकून मर्ज झाली तर? तो म्हणाला, झाली तर कळेलच की. थोडी चर्चा झाली. खोटांची यादी कोणाजवळ ठेवायची, सीनियर लोकांनाही यात धरायचं का, आणि निकाल वार्षिक अप्रेझलला जोडणार नाही असं लेखी मिळेल का, असे प्रश्न निघाले. एकानं सुचवलं की आधी एक समिती नेमावी. कार्यवृत्तात नोंद आहे: 'सूचना चांगली आहे, पुढील तिमाहीत विचार करू.' कार्यवृत्त एजंटानं लिहिलं आहे, आणि ते अगदी अचूक आहे.